अवशेष आणि त्यांचे धनी : नागासाकीच्या निमित्ताने

नागासाकी हे नाव वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांना परके नाही. याच मातीत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या शहरातील निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांच्यासह एकूण २६ जणांनी तेथे श्रद्धेसाठी प्राण दिले आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्या सर्वांना संतपद बहाल केले. आपण त्यांचा सण साजरा करतो, मुलांना त्यांची कथा सांगतो. परंतु त्या शहराच्या पुढच्या कहाणीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी त्या शहरावर अणुबॉम्ब टाकण्यात आला, तो उराकामी या कॅथलिक वस्तीवर. तेथील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० मृत्युमुखी पडले. मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून त्या वेळी चर्चमध्ये पापनिवेदन चालू होते. धर्मगुरू आणि निवेदनासाठी आलेले भाविक, कोणीही वाचले नाही.

त्या राखेतून काही वस्तू उचलल्या गेल्या. कोणी उचलल्या, का उचलल्या, कोठे नेल्या आणि त्यांच्याविषयी काय सांगितले गेले, याचा विचार करावा असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. युद्धातील वस्तू जमवण्याचा छंद जगभर आहे. शिरस्त्राणे, बिल्ले, पदके, संगिनी यांची खरेदीविक्री होते, आणि वस्तू जितकी दुर्मीळ तितकी तिची किंमत चढते. पण ती कोणाच्या डोक्यावर होती, कोणाच्या छातीवर होती, हे सांगणारा कागद बहुधा सोबत नसतो. आपल्या ख्रिस्तसभेची रीत याहून निराळी आहे. संताचा अवशेष भक्तीसाठी लोकांपुढे ठेवायचा तर तो कोणाचा, हे सांगणारे अधिकृत पत्र सोबत लागते. नाव हरवलेल्या अवशेषासमोर आपण मेणबत्ती लावत नाही. हाच निकष युद्धाच्या अवशेषांना लावून पाहिला तर काय दिसते, हा या लेखाचा विषय आहे.

पहिली वस्तू एक रोझरी आहे. तिची कथा सांगणारे डॉ. ताकाशी नागाई यांचा जन्म १९०८ सालचा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते नागासाकीला आले आणि उराकामीतील मोरियामा कुटुंबात राहू लागले. हे कुटुंब साधे नव्हते. जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना, धर्मगुरू नसतानाही, ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गुप्तपणे बाप्तिस्मा आणि प्रार्थना टिकवल्या, त्या समाजाचे पुढारीपण या घराकडे होते. त्या घरातील प्रार्थना ऐकत नागाई श्रद्धेकडे वळले. १९३४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी त्या घरच्या मिदोरीशी त्यांचा विवाह झाला. क्ष-किरणांच्या कामामुळे जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आपण आधी जाऊ आणि पत्नी मुलांना वाढवील, असे तेव्हा दोघांनीही गृहीत धरले असणार. दोन महिन्यांनी ते हिशेब उलटले. बॉम्ब पडला तेव्हा नागाई रुग्णालयात होते. कपाळाशी खोल जखम झालेली असताना ते जखमींची शुश्रूषा करत राहिले. दोन दिवसांनी घराच्या जागी पोचले, तेव्हा स्वयंपाकघर होते तेथे त्यांना पत्नीची थोडी काळवंडलेली हाडे मिळाली, आणि हाताच्या हाडांपाशी रोझरीची वितळलेली साखळी. ती हाडे त्यांनी बादलीत गोळा केली. मुले आजीबरोबर डोंगराकडील गावी पाठवलेली असल्यामुळे वाचली.

हा प्रसंग 'रोझरीची साखळी' या अर्थाच्या नावाने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात आहे. फादर पॉल ग्लिन यांनी १९८८ साली इंग्रजीत लिहिलेल्या चरित्रामुळे तो जगभरच्या कॅथलिक घरांत पोचला. समीक्षकाच्या दृष्टीने पाहता या प्रसंगाचे सामर्थ्य कशात आहे? साखळीचे वर्णन थोडके आहे. लेखक वैद्य असल्यामुळे त्यांची नजर हाडावर स्थिर राहते, आक्रोश करत नाही. पण ती साखळी आपल्याला हलवते, कारण तिच्या मागे असलेले घर आपल्याला ठाऊक झालेले असते. ज्या समाजाने अडीचशे वर्षे प्रार्थना ओठांत दडवून ठेवली, त्या समाजातील एका स्त्रीच्या हाती शेवटी काय होते, हे ती सांगते. नाव आणि घर काढून घेतले तर उरतो तो धातूचा एक गोळा, आणि नागासाकीच्या राखेत असे गोळे असंख्य होते. अवशेषाचे मोल त्याच्या धन्यामुळे असते, हे येथे स्पष्ट होते. येथवर नागाईंच्या लेखणीला आम्ही मनःपूर्वक वंदन करतो.

यापुढे मात्र आमचे पाऊल अडखळते. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी उराकामीच्या भग्नावशेषांत मृतांसाठी मिस्सा झाली. त्या वेळी नागाईंनी भाषण केले. बॉम्ब मूळचा दुसऱ्या शहरासाठी होता, ढगांमुळे विमान नागासाकीकडे वळले, आणि पुढे १५ ऑगस्टला, मरियामातेच्या सणादिवशीच, युद्ध थांबले. या घटनांत त्यांना देवाची योजना दिसली. साऱ्या मानवजातीच्या युद्धपापासाठी उराकामी हे निष्कलंक कोकरू वेदीवर होमार्पण झाले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे भाषण त्यांच्या 'नागासाकीची घंटा' या पुस्तकातही येते, आणि तेथे ते कसे येते हे पाहण्यासारखे आहे. सैन्यातून परतलेला एक माणूस त्यांच्या झोपडीत येतो. त्याची पत्नी आणि पाचही मुले गेली आहेत. लोक त्याला सांगत आहेत की हा बॉम्ब म्हणजे देवाची शिक्षा. नागाई त्याच्या हाती भाषणाचा मसुदा देतात. तुझी माणसे शिक्षा म्हणून मेली नाहीत, ती अर्पण झाली, असे त्यांना त्याला सांगायचे आहे.

त्या माणसासमोर बसलेले आपण असतो तर निराळे काय बोललो असतो, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. उत्तर सोपे नाही. शेजारी ज्याला पापी ठरवत आहेत अशा विधुराला एवढा तरी आधार द्यायलाच हवा होता. म्हणूनच नागाईंवर दांभिकतेचा आरोप करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तथापि, शोकघरी दिलेले सांत्वन आणि इतिहासाविषयी दिलेला निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्या रात्रीपुरती खरी असू शकते. दुसरी सर्व काळ खरी ठरावी लागते. बॉम्ब ही देवाची योजना असेल, तर तो बनवणाऱ्याला, टाकण्याचा हुकूम देणाऱ्याला आणि त्याआधी आशियाभर युद्ध पेटवणाऱ्याला जाब कोणी विचारायचा? नागासाकीचे कवी यामादा कान यांनी १९७२ साली नेमका हा आक्षेप घेतला आणि पुढे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक ताकाहाशी शिन्जी यांनी तो विस्ताराने मांडला. या शहरात मेलेले सर्वच कॅथलिक नव्हते. कोरियातून आणलेले मजूर होते, युद्धकैदी होते. त्यांच्या संमतीशिवाय त्यांना कोणाच्या वेदीवरचे अर्पण ठरवायचे? रोझरीची साखळी याविषयी काहीच बोलत नाही. ती एवढेच सांगते की ही स्त्री येथे होती आणि जाळली गेली. साखळीच्या तोंडी जे घातले गेले, ते लेखकाचे आहे.

या वादात ख्रिस्तसभेचा आवाजही उशिरा का होईना उमटला. फेब्रुवारी १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे जपानला आले. हिरोशिमात त्यांनी जपानी भाषेतच निःसंदिग्धपणे सांगितले की युद्ध ही माणसाची करणी आहे. त्यानंतर त्यांनी नागासाकीलाही भेट दिली. आपले दुःख हा देवाचा प्रसाद आहे अशा समजुतीने गप्प राहिलेल्या अनेक वृद्ध कॅथलिकांनी त्यानंतर आपल्या आठवणी सांगायला सुरुवात केली, ही गोष्ट पुष्कळ अभ्यासकांनी नोंदवली आहे. एका वाक्याने त्यांना त्यांचे अवशेष परत मिळाले, असे म्हणावेसे वाटते.

'नागासाकीची घंटा' या पुस्तकाच्या प्रकाशनाची हकीकतही या विषयाशी जोडलेली आहे. ते १९४६ साली लिहून झाले होते. पण जपान तेव्हा अमेरिकी अंमलाखाली होता आणि छपाईला परवानगी मिळेना. अखेर १९४९ च्या जानेवारीत ते निघाले, ते एका अटीवर. जपानी सैन्याने १९४५ च्या प्रारंभी मनिला शहरात केलेल्या कत्तलीचा वृत्तान्त त्याला जोडावा लागला. अणुबॉम्बचे समर्थन व्हावे हा त्यामागचा हेतू उघड आहे, आणि एका दुःखाने दुसऱ्याची फेड करण्याचा हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. परंतु अट घालणाऱ्याचा हेतू वाईट होता म्हणून मनिलाचे मृत खोटे ठरत नाहीत. त्या शहरात सुमारे १,००,००० नागरिक मारले गेले, आणि तेही कॅथलिक शहर होते. तेथेही कोणाच्या तरी हातात रोझरी असणार. नागासाकीच्या अवशेषांपुढे गुडघे टेकणाऱ्याने मनिलाचे नाव टाळू नये, एवढा धडा त्या लादलेल्या पुरवणीतूनही घेता येतो.

दुसरी वस्तू मरियामातेचे लाकडी शीर्ष आहे. उराकामीच्या चर्चमधील मुख्य वेदीवर तिचा पूर्ण पुतळा उभा होता. चर्च कोसळले, जळाले. १९४५ च्या शरद ऋतूत सैन्यातून सुटलेले फादर नोगुची त्या ढिगाऱ्यात आले. ते मूळचे उराकामीचे आणि ट्रॅपिस्ट संघाचे संन्यासी. उत्तरेकडे होक्काइडो बेटावरील मठात त्यांना परतायचे होते. जाण्यापूर्वी गावच्या चर्चमधले काहीतरी सोबत न्यावे म्हणून ते शोधू लागले, आणि दगडविटांत त्यांना तो चेहरा दिसला. गालावर भाजल्याचा काळा डाग, डोळ्यांच्या जागी रिकाम्या खोबणी. ते शीर्ष त्यांनी मठात नेले आणि सुमारे ३० वर्षे आपल्यापाशी ठेवले. १९७५ साली त्यांनी ते नागासाकीला परत दिले. २००५ पासून ते उराकामीच्या चर्चमधील एका लहान प्रार्थनालयात आहे.

या कथेत आम्हांस भावते ती सांभाळणाऱ्याची शांतता. फादर नोगुचींनी ते शीर्ष देवाच्या योजनेचा पुरावा म्हणून मिरवले नाही, चमत्कार म्हणून त्याचा गाजावाजा केला नाही. सापडले, जपले, परत दिले. कोठे आणि कसे सापडले ते सांगितले. अवशेषाची राखण करणाऱ्याने याहून अधिक काय करावे? पुढे त्या शीर्षाला प्रवास घडला. २०१० साली नागासाकीचे आर्चबिशप ताकामी ते घेऊन व्हॅटिकनला गेले, स्पेनमध्ये १९३७ साली बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गेर्निका गावी गेले आणि अण्वस्त्रांविषयीची परिषद चालू असताना न्यूयॉर्कलाही गेले. बॉम्ब पडला तेव्हा आर्चबिशप ताकामी आईच्या उदरात होते. मार्च १९४६ मध्ये त्यांचा जन्म झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नागासाकीत मिस्सा अर्पण केली, तेव्हाही ते शीर्ष वेदीजवळ होते. इतके फिरूनही त्याच्यावर कोणी अर्थ लादला नाही, कारण त्याची हकीकत नेहमी त्याच्या सोबत राहिली आहे.

तिसरी वस्तू एक लाकडी क्रूस आहे आणि तिचा प्रश्न अधिक अवघड आहे. बॉम्बनंतर नागासाकीत आलेल्या अमेरिकी सैन्यात वॉल्टर हूक नावाचा कॅथलिक सैनिक होता. स्थानिक बिशप यामागुची यांच्याशी त्याचा स्नेह जडला. ढिगाऱ्यातील हा क्रूस त्याने अमेरिकेत आपल्या आईकडे पाठवला. जेत्याच्या सैनिकाने हरलेल्या गावातील वस्तू घरी पाठवणे याला सामान्यतः एकच नाव आहे. पण हूकने तो लुटीसारखा दिवाणखान्यात मिरवला नाही. अणुस्फोटांची बाधा झालेल्या सैनिकांसाठी त्याने पुढे काम केले आणि १९८२ साली तो क्रूस ओहायो राज्यातील विल्मिंग्टन कॉलेजच्या शांतता केंद्राकडे सोपवला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने तो उराकामीला परत केला. क्रूस गेला कसा, कोणाच्या स्नेहातून गेला, कोणाच्या हाती राहिला, याची साखळी तुटली नव्हती, म्हणूनच तो कोठे परतायचा हेही कळले. ज्याची हकीकत हरवली, त्या वस्तूला परतीची वाट नसते.

सर्वच अवशेष असे जपले गेले, असे मात्र नाही. उराकामीच्या चर्चच्या उभ्या राहिलेल्या भिंती पुढच्या पिढ्यांसाठी तशाच राखाव्यात, असे अनेक नागरिकांचे म्हणणे होते. हिरोशिमाचा घुमट तसा राखला गेला आणि १९९६ साली जागतिक वारशात गेला. नागासाकीत १९५८ साली भिंती पाडण्यात आल्या आणि १९५९ साली त्याच जागी नवे चर्च उभे राहिले. जुन्या भिंतीचा एक तुकडा स्फोटबिंदूजवळच्या उद्यानात हलवला आहे, आणि तुटलेल्या मनोऱ्याचा घुमट आजही चर्चलगतच्या उतारावर पडलेला दिसतो. बिशप यामागुचींची बाजूही समजून घ्यावी लागते. ती जागा पूर्वी गावच्या मुखत्याराची होती. तेथेच या लोकांना ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायला भाग पाडले जाई. १८७३ मध्ये हद्दपारीतून परतल्यावर त्यांनी गरिबीत ती विकत घेतली, १८९५ ला बांधकाम सुरू केले आणि १९१४ ला पुरे केले. त्या जागेवरचा हक्क त्यांना सोडवेना. श्रद्धावंतांना मिस्सेसाठी छप्पर हवे होते, स्मारक नव्हे. तरीही त्या भिंती गेल्याने जगाने एक साक्षीदार गमावला, असे आम्ही खेदाने नोंदवतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांतील एक लपवून दुसरी सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्या चर्चच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि १९४५ च्या नाताळात पुन्हा वाजली. नागाईंच्या पुस्तकाचे नाव तिच्यावरून आले. दुसरी फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतील कॅथलिकांनी नवी घंटा दिली. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या प्राध्यापक जेम्स नोलन यांचे आजोबा अणुबॉम्ब बनवण्याच्या प्रकल्पात डॉक्टर होते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ८० वर्षांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

घंटांचा हा विषय आला की वसईच्या वाचकाचे मन आपोआप घरी येते. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगिजांचा पराभव केला. त्यानंतर इथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रातील अनेक देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे वर्ष आहे. वाईजवळच्या मेणवलीतील घंटा १७०७ सालची असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची प्रतिमा आहे. या घंटा परत मागाव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्या जेथे आहेत तेथे पिढ्यान् पिढ्या भाविकांच्या प्रार्थनेत सामील झाल्या आहेत, आणि तेथील लोकांनी त्या जपल्या म्हणूनच त्या आज आहेत. आमची खंत निराळी आहे. कोणी जिंकल्या, कोठे नेल्या, हे आपण जाणतो. पण त्या कोणी ओढल्या, कोणाच्या लग्नाला वाजल्या, कोणाच्या मरणाला वाजल्या, याची आठवण आपल्या घरांत उरलेली नाही. मिदोरीच्या साखळीला जे लाभले, ते आपल्या घंटांना लाभले नाही.

ही खंत निदान पुढे वाढू नये. आपल्या पेट्यांत आणि कपाटांत आजोबांचे युद्धसेवेचे पदक असेल, परदेशातून आलेले शेवटचे पत्र असेल, एखादी झिजलेली रोझरी असेल. ती पुसून चकाकवण्याआधी एका कागदावर लिहून ठेवावे, की ही कोणाची, कोणाकडून आली, ते माणूस तिचे रोज काय करी. ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे लिहावे. पोकळी भरण्यासाठी शौर्याची कथा रचू नये. घरातील वडीलधाऱ्यांना हे या रविवारी मिस्सेनंतर विचारता येईल. नागासाकीच्या संग्रहालयात १४ वर्षांच्या एका मुलीचा जळालेला जेवणाचा डबा ठेवला आहे. त्यातला भात कोळसा झाला आहे. तो डबा इतर डब्यांहून वेगळा ठरला आहे, कारण त्याच्या शेजारी तिचे नाव लिहिलेले आहे.